खारूताईची मांडी

सासूबाईंना आधी वाटलं, सुनेला पॅन्टची शिवण बोचतेय.

त्या आयुष्यभर गणवेश शिवत आलेल्या. बँडवाले, पहारेकरी, दवाखान्यातल्या नर्स, सगळ्यांचे कपडे त्यांच्या मशीनखालून गेलेले. माणूस समोर आला की त्यांना आधी त्याच्या खांद्याची जोड दिसायची, चेहरा मागून. त्यामुळे कामावरून आलेली सून ओट्याशी उभ्याउभ्या पॅन्टचं कापड उजव्या मांडीवरून चिमटीनं उचलून धरते, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"शिवण टोचते का गं? दे इकडे, आतून अस्तर लावून देते."

"नको आई. कापडाचं काही नाही."

"मग बगळ्यासारखी एका पायावर का उभी आहेस?"

"उगाच. चालतंय हो," म्हणून सुनेनं भाजी चिरायला घेतली.

ही सून लिफ्टची मेकॅनिक होती. उंच इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या की तिला बोलावणं यायचं. लिफ्टच्या विहिरीसारख्या काळोख्या शाफ्टमध्ये, लोखंडी शिडीवरून, ती अशी सरसर वर जायची की कंपनीतल्या लोकांनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. नवरा जहाजावर खलाशांना रांधून घालायचा, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. त्यामुळे घरात दोघीच, सासू आणि सून. भांडण कधी नव्हतं, पण फार गप्पाही नव्हत्या. एकीनं कपडे वाळत घालावेत, दुसरीनं घड्या घालाव्यात, इतपत गोडी.

पण ते 'चालतंय' काही चालेना. खारूताईच्या उजव्या मांडीला बाहेरच्या अंगानं कधी तिखट चोळल्यासारखी आग व्हायची, कधी मुंग्या यायच्या, आणि कधी तर ती मांडी आपली नाहीच, कुणाची तरी उसनी आणून बसवलीय, असं वाटायचं. दिवसभर उभं राहिलं, चाललं की ठणका वाढायचा. रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा व्हायचा. सासूबाईंनी तेल चोळून पाहिलं. शेजारणीनं दिलेला लेप लावून पाहिला. लेपानं चादर तेवढी पिवळी झाली.

मग एका सुट्टीच्या दुपारी सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी भरून दिली. खारूताई ती मांडीला लावून आडवी झाली आणि थकव्यानं तिचा डोळा लागला. उठली, पिशवी बाजूला केली, चहा टाकायला गेली. सासूबाईंचं लक्ष गेलं आणि त्यांच्या हातातली बशी खाली पडली. मांडीवर लालभडक चट्टा उठला होता आणि त्यात टपोरे फोड.

"अगं, भाजलंय तुला! कळलं नाही?"

खारूताईनं खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तारांच्या जंजाळात बेधडक हात घालणाऱ्या तिनं एका फोडाला हलकेच बोट लावून पाहिलं.

"नाही हो आई," ती हळूच म्हणाली. "कळलंच नाही."

घराजवळचे डॉक्टर सज्जन होते. त्यांनी भाजल्यावर मलमपट्टी केली, पाय बधिर होतोय हे ऐकून पाठीचा फोटो काढायला लावला, आणि फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "कमरेच्या मणक्यात थोडी झीज दिसतेय. नस तिथेच दबत असणार." त्यांनी विश्रांती सांगितली, ओझं उचलायला मनाई केली, शाफ्टमध्ये उतरायचं तर नावच काढायचं नाही म्हणाले, आणि कमरेला बांधायला एक रुंद, कडक पट्टा दिला. "घट्ट बांधा," असंही बजावलं. पुढेमागे ऑपरेशन लागू शकेल, हे त्यांनी जाता जाता म्हटलं, पण दोघींच्या कानात राहिलं तेवढंच.

खारूताई हुकमाची पक्की. तिनं पट्टा असा आवळला की श्वास घेताना करकरायचा. ती घरात बसून राहिली. खिडकीतून समोरच्या इमारतीची लिफ्ट वरखाली होताना दिसायची, तिच्याकडे बघत राहिली. आणि आग कमी व्हायचं सोडून वाढली. आता ती घरातल्या घरात चालतानासुद्धा भिंत धरायला लागली. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं तर त्याहून कमी. फोनवर नवऱ्याला मात्र ठणठणीत आवाजात सांगायची, "मी मजेत आहे. आई माझे लाड करताहेत." सासूबाई शेजारी बसून ऐकायच्या आणि सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घालायच्या.

एक दिवस तिच्या कामावरचा फोरमन भेटायला आला. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस, पण खुर्चीच्या अगदी कडेला बसला. "खारूताई, तुझी जागा मी कुणाला देत नाही," तो म्हणाला. "पण वरचे लोक विचारतात. तुला टेलिफोनवर बसवू का? तक्रारी घ्यायच्या, माणसं पाठवायची. बसून काम. पायाला आराम."

"विचार करते," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं त्याचा कप विसळला, पुसला, पुन्हा विसळला.

त्याच आठवड्यात त्यांच्याच इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

आत होत्या वरच्या मजल्यावरच्या पियानो शिकवणाऱ्या बाई. वय झालेलं, दम्याचा त्रास, आणि हातात बाजाराच्या पिशव्या. त्या आतून दारावर थापा मारायला लागल्या, आणि मग थापांच्या मध्ये नुसता घरघरणारा श्वास ऐकू यायला लागला. जिन्यात माणसं जमली. एकानं दार फाकवायला लोखंडी कांबही आणली.

"ती कांब खाली ठेवा," मागून आवाज आला.

भिंतीला धरत धरत खारूताई आली होती. ती दाराशी बसली, गाल दाराला टेकवला आणि अगदी सहज, जणू भाजीच्या दुकानात भेट झाल्यासारखी बोलायला लागली. "बाई, मी खालची. लिफ्टवाली. तुम्ही आहात तिथे सुरक्षित आहात. डबा पडत नाही, मी शब्द देते. खाली बसा. पिशवीत काय काय आणलंय, ते मला सावकाश सांगा बघू."

आतून थोड्या वेळानं आवाज आला, "बटाटे…"

"आणखी?"

बाईंनी बटाट्यांपासून साबणापर्यंत सगळा बाजार सांगितला आणि श्वास थोडा सुधारला. खारूताईनं फोरमनला फोन लावला. त्यांची माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. "एकटीनं करू नकोस," तो म्हणाला. "दाराशी कुणी भरवशाचं आहे का?"

खारूताईनं गर्दीवरून नजर फिरवली. ती सासूबाईंवर येऊन थांबली.

"आहे," ती म्हणाली.

मग तिनं सासूबाईंना बाजूला घेतलं आणि आजवर कधी बोलली नव्हती अशा आवाजात बोलली. "आई, मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाते. वीज तोडून ब्रेक हातानं थोडा थोडा सोडणार. आत एकच माणूस आहे, म्हणजे पलीकडे टांगलेलं वजन डब्यापेक्षा जड, डबा हळूहळू वर सरकेल. तुम्ही वरच्या मजल्याच्या दाराशी उभ्या राहा, काचेतून बघा. डब्याची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत आली की 'बस' म्हणून ओरडायचं. कुणालाही दाराला हात लावू द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत तुम्हीसुद्धा नाही."

सुनेनं असा हुकूम सोडायची सासूबाईंच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पण त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "बरं."

त्या दाराशी पाय रोवून उभ्या राहिल्या. वर जिन्यात खारूताईची पावलं ऐकू येत होती, एक भरीव, एक फरफटत. मग शांतता. मग काचेमागे डबा हलला, चार बोटं वर आला, थांबला. पुन्हा हलला, थांबला. असं माप सासूबाईंना समजत होतं. गळ्याची शिवण अशीच घेतात, थोडी थोडी. पुढे आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी कोपरानं मागे ढकललं. जमिनीला जमीन भिडली तशा त्या अशा ओरडल्या की गर्दीतलं एक तान्हं रडायला लागलं.

"बस्स!"

वरून आवाज आला, "ब्रेक लागलाय! मी येते, दार मीच उघडणार!"

ती आली, चावी लावून दार उघडलं, पियानोच्या बाईंना दोन्ही हातांनी बाहेर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती तिथे थांबलीच नाही. सासूबाईंना ती सापडली गच्चीच्या पायऱ्यांवर. पाय पोटाशी दुमडून बसली होती, मांडी दोन्ही हातांनी धरून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई कशा आहेत?" तिनं विचारलं.

"त्या बऱ्या आहेत. तुझं काय?"

"जळतंय नुसतं." तिनं मनगटानं नाक पुसलं. "आई, मला टेलिफोनवर बसवणार आहेत. मी बसेन. पण मी मरेन हो तिथे."

सासूबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. या पोरीनं आगीत होरपळत जिना चढून एका बाईचा जीव शांतपणे खाली, नव्हे वर, आणून ठेवला होता. आपल्याला हे करता आलं असतं का? त्यांना आपल्या तरुणपणातही असं काही आठवेना.

"कोण बसतंय टेलिफोनवर," त्या म्हणाल्या. "दुसरा डॉक्टर शोधू."

शोधायला जावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पियानोच्या बाई फुलं घेऊन आल्या, खारूताईचा हात हातात धरून बराच वेळ बसल्या, आणि दुखण्याची हकिगत ऐकल्यावर म्हणाल्या, "माझी बोटं बधिर व्हायची तेव्हा मी नसांच्या डॉक्टरांकडे गेले होते. आधी सगळे मानेला दोष देत होते. त्यांनी मनगट पकडलं. आज वाजवतेय ती त्यांच्यामुळे. त्यांच्याकडे जा, माझं नाव सांगा."

नसांचे डॉक्टर बघून सासूबाईंचा चेहरा पडला. बुटका, गोबऱ्या गालांचा, शाळेतून परस्पर आल्यासारखा माणूस. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. पण त्यानं खारूताईला "सांगा" म्हटलं आणि ती सांगत असताना एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. फोन वाजला तर तो उशीखाली दाबला. सासूबाईंनी मनातल्या मनात त्याचं बटण माफ केलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "बरं कधी वाटतं?"

"बरं?" आतापर्यंत सगळ्यांनी दुखतं कधी हेच विचारलं होतं. खारूताई विचारात पडली. "बसल्यावर. पाय दुमडून बसलं की उतार पडतो. उभी राहिले, पाय ताणला की पुन्हा सुरू."

"आणि पाठ कशी दुखते?"

"पाठ? पाठ नाही दुखत. कधीच नाही दुखली."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि तपासायला घेतलं. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय टुणकन उडाला. पायानं आपला हात ढकलायला सांगितलं, तर खारूताईनं असा ढकलला की ते स्टुलासकट मागे सरकले. "ताकद आहे म्हणायची!" ते हसत म्हणाले. मग कापसाचा बोळा आणि टाचणी घेऊन मांडीवर हळूहळू फिरवत गेले. "इथे कळतंय? इथे? इथे?" जिथे कळणं संपायचं तिथे पेनानं ठिपका. ठिपके जोडले तेव्हा मांडीच्या बाहेरच्या अंगावर एक लांबट बेट तयार झालं. पॅन्टच्या खिशात हात घातला की तळहात जिथे टेकतो, नेमकं तेवढंच.

"आता जरा दुखेल," ते म्हणाले आणि कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाशी, थोडं आतल्या बाजूला, अंगठ्यानं दाबलं.

"आई गं! हेच! हेच ते!" खारूताई ओरडली, आणि ओरडता ओरडता हसायला लागली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या दुखण्याचं बटण शोधून दाबलं होतं.

डॉक्टरांनी मांडीवरच पेनानं रेघ ओढून दाखवली. "ही एक नस आहे. पोटातून येते, या हाडाशी एका चिवट पट्टीखालून वाकून बाहेर पडते आणि मांडीच्या कातडीला जाते. तिथे ती दबलीय. पाठीचा इथे काही संबंध नाही. वयाप्रमाणे थोडी झीज पुष्कळांच्या फोटोत दिसते, माझ्याही दिसेल."

"म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला," सासूबाईंच्या तोंडून गेलं.

"त्यांना दोष नाही देणार मी, मावशी. बधिर मांडी म्हटलं की पाठ आधी आठवते. हे दुखणं तसं कमी दिसतं."

सासूबाईंनी मग इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला. "पाय तर जाणार नाही ना हो हिचा?"

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्या समोर ओढली. "नाही. ही नस फक्त निरोप्या आहे, हमाल नाही. कातडीला काय लागलं, गार की गरम, एवढीच बातमी नेते. पाय उचलायचं, चढायचं काम तिच्याकडे नाहीच. तिला चिमटा बसला की ती खोट्या बातम्या पाठवते. जळत नसताना जळतंय म्हणते, आणि खरोखर भाजलं तर गप्प बसते. म्हणून गरम पिशवी बंद. पण पाय शाबूत आहे आणि शाबूत राहणार."

सासूबाईंनी पदर नसताना पदर शोधल्यासारखे हात चाळवले आणि शेवटी चष्माच पुसला.

"आता मला सांगा, ती दबली कशानं?" डॉक्टर म्हणाले. "कामावर कमरेला काय बांधता?"

खारूताईनं सांगितलं. हत्यारांचा पट्टा. पाने, पक्कड, टेस्टर, टॉर्च, वायरलेस. गेल्या वर्षी नवा मिळाला, जुन्यापेक्षा जड. घसरू नये म्हणून कमरेच्या हाडांवर घट्ट आवळायचा. बोलता बोलता तिचा हात कमरेकडे गेला. तिनं सदरा वर केला. तिथे पाठीचा कडक पट्टा होता, त्याची खालची कड बरोबर त्या हाडावर रुतलेली.

"आगीतून फुफाट्यात!" ती म्हणाली.

"काढा तो आत्ताच्या आत्ता," डॉक्टर म्हणाले. "आणि उद्या तुमचा हत्यारांचा पट्टा घेऊन या. मला बघायचाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पट्टा हत्यारांसकट स्वतःच्या कमरेला बांधला आणि खण्ण खण्ण करत दवाखान्याच्या गल्लीत एक फेरी मारली. नर्स तोंडावर हात ठेवून हसत होती. फेरी संपली तेव्हा डॉक्टर घामाघूम झाले होते आणि एका हातानं पॅन्ट सावरत होते. "हे घेऊन तुम्ही शिडी चढता?" त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात थट्टा नव्हती.

रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. वजन वाढू द्यायचं नाही असं सांगितलं, सैल कपडे, थोडं थोडं चालणं, आणि नसेची आग शमवणारी एक गोळी. पहिल्या गोळ्यांनी खारूताई दिवसाही पेंगायला लागली. एकदा तर सुपाच्या वाडग्यावर मान टाकून झोपली. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. झोप बरी लागू लागली, पांघरूण सोसू लागलं. पण उभं राहिलं की आग होतीच. महिना उलटला तरी सारखं 'थोडं बरं, थोडं बरं' इथेच गाडी अडलेली.

"माझा अंदाज होता की पट्टा सुटला की एव्हाना बऱ्या व्हाल," डॉक्टर सरळ म्हणाले. "तो चुकला. नस बरीच चिडलीय. आता इंजेक्शन देऊ, तिच्या अगदी शेजारी. नाहीच जमलं तर ऑपरेशन असतं, पण तिथवर जावं लागेल असं वाटत नाही मला."

इंजेक्शनच्या वेळी सासूबाई आत उभ्या होत्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा खारूताईकडे वळवला. करड्या ढगांत एक इवलासा ठिपका. "ही तुमची नस."

"एवढीशी?" ती म्हणाली. "एवढीशीनं मला घरी बसवलं?" मग मान तिरकी करून निरखू लागली. "म्हणजे केबल भोकातून जाते आणि वरचं क्लँप जास्त आवळलंय."

"अगदी तसंच. आणि मी आता क्लँपला हात न लावता केबलची सूज उतरवतोय."

सुई आत जाताना पडद्यावर दिसत होती, एक पांढरी रेघ, केसाएवढ्या अंतरानं पुढे सरकणारी. त्या गोबऱ्या माणसाचा हात अजिबात हलत नव्हता. सासूबाईंनी आयुष्यात पुष्कळ चांगले हात पाहिले होते. त्या नुसत्या बघत राहिल्या.

आग गेली. त्याच दिवशी नव्हे, पण मग एका सकाळी खारूताई ओट्याशी उभी राहून चहा होईपर्यंत गप्पा मारत होती, आणि दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं की ती दोन्ही पायांवर उभी आहे. मांडीवर बेटाच्या मध्यभागी एक तुकडा अजून बधिर होता. "तो कदाचित तसाच राहील," डॉक्टर म्हणाले. "राहू दे," खारूताई म्हणाली. "डास तिथे चावले तर माझा फायदाच."

आता प्रश्न हत्यारांचा. पट्टा बांधायचा नाही, तर पाने ठेवायचे कुठे? सासूबाईंनी मशीनवरचं झाकण काढलं. भार खांद्यांवर जावा, कमरेला काही टेकू नये, असं एक जाकीट त्यांनी जाड कॅनव्हासचं शिवलं, मागे सुंदर फुलीचे बंद आणि पितळी कड्या. फोरमनला दाखवलं. त्यानं एक बंद बोटात धरून हलवला.

"मावशी, शिवण एक नंबर. पण शाफ्टमध्ये लोंबतं काही चालत नाही. फिरत्या चाकात हा बंद गेला, तर तुमची सून त्याच्या मागे जाईल."

सासूबाईंना ते लागलं. सकाळी उठून त्यांनी जाकीट उसवलं. पुन्हा बेतलं, अंगाबरोबर, एकही टोक बाहेर नाही, खिशांना झाकणं, आणि पुढचा बंद असा की जोराचा ओढा बसला तर फट्कन उघडावा. फोरमननं ते खारूताईच्या अंगावर चढवून चारी बाजूंनी ओढून पाहिलं, खेचून पाहिलं, मग मान डोलावली. जड हत्यारं पिशवीतून दोरीनं वर घ्यायची, आणि सुरक्षेचा हार्नेस नवा, कमरेच्या हाडाच्या वर बसणारा, अशीही त्यानं सोय केली. डॉक्टरांनी हार्नेस बघून शेरा मारला, "आता नसेला मोकळी हवा."

कामावरच्या पहिल्या दिवशी जाकीट कसं बसतंय ते बघायला सासूबाई गेल्या. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाची जुनी लिफ्ट होती. फोरमननं त्यांना अडथळ्याच्या अलीकडे एक खुर्ची दिली. दाराच्या फटीतून शाफ्टचा काळोख दिसत होता, आणि त्यात खूप उंचावर एक दिवा.

तो दिवा खारूताईच्या डोक्यावर होता. तो सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. शिडीवर पावलं वाजत होती, दोन्ही सारखी. मधूनच तिचा आवाज खाली यायचा, "धरून ठेव," "सोड," "आता बघ," आणि खालचे दोन आडदांड मेकॅनिक तो ऐकून निमूट हात चालवायचे. घरी जी बाई मीठ कमी पडलं तरी मागत नाही, ती हीच. सासूबाईंना एकाएकी वाटलं, जहाजावरच्या लेकाला आज सांगायला हवं की तुझ्या बायकोला काम करताना एकदा येऊन बघ. आपण इतकी वर्षं तिच्या कपड्यांच्या घड्या घालत बसलो.

तेवढ्यात हातात काठी, बगलेत पुस्तकं, अशा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी येऊन लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"बंद आहे," सासूबाई म्हणाल्या.

"अजून किती वेळ? कोण करतंय काय ते?"

"माझी सून करतेय."

"सून?" गृहस्थांनी अडथळ्यावरून वाकून वर, त्या काळोखातल्या दिव्याकडे पाहिलं. "तिथे?"

"हो, तिथे. आणि नीट केल्याशिवाय ती उतरायची नाही." सासूबाई उठल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. बघत बसा. बघण्यासारखं आहे."